सात एकांना कोण भागतं

पत्रक कसं लिहायचं ते मी नांदेडात शिकले. वर्गात नाही, संघटनेच्या खोलीत, जिथं खुर्च्या कमी आणि सतरंज्या जास्त होत्या. नियम थोडके. कागद एकच, पाठपोट. मागणी एकच. आणि शत्रूही एकच. दोन शत्रू झाले की वाचणारा कंटाळतो, बसस्टँडवर त्याच कागदात फुटाणे बांधून घेतो आणि गाडी धरतो. आमचा एक वरिष्ठ कार्यकर्ता सांगायचा, "सरकार, पालक, समाज, सगळे एकदम नको. एकेकाला बाजूला काढत जा. शेवटी जो उरेल त्याच्यावर लिही."

असं एकेकाला बाजूला काढत मी लातूरच्या क्लासेसपाशी आले आणि त्यांच्यावर तुटून पडले. मला तो हक्क आहे असं मी समजत होते, कारण त्यातल्या एका क्लासात मी स्वतः बसले होते. दहावीनंतर घरच्यांनी मला डॉक्टर करायला लातूरला ठेवलं. दोन वर्षांनी, परीक्षा दिल्यावर, मी घरी सांगून टाकलं की मी डॉक्टर होणार नाही, पुन्हा एकदा बसणारही नाही, आणि नांदेडला बी.ए.ला नाव घातलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा एवढंच म्हणाले, "बरं. धाकटी हाय."

त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी पुढं काय केलं ते सांगायचं आहे. आणि एका पत्रकाचं सांगायचं आहे, जे मी लिहिलं आणि छापलं नाही. त्याचा मथळा एवढाच होता:

११,११,१११ = २३९ × ४६४९

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपानंतर उठवून नव्या जागी वसवलेलं. जुन्या गावात घरं एकमेकांना टेकून, वाकडीतिकडी असायची म्हणे. नव्या गावात सगळं आखून. सरळ रस्ते, सरळ लायनी, एकासारखं एक घर. आमच्या लायनीत सात घरं. दारं सारखी, खिडक्या सारख्या, पायऱ्याही सारख्याच. नवखा पाहुणा हटकून शेजारच्या घरात शिरतो, पाणी पिऊन होतं, आणि मग विचारतो की तुमची सोयरीक नेमकी कुणाशी?

धाकटी, म्हणजे माझी बहीण, लहान असताना ही सात घरं पाटीवर सात उभ्या रेघा करून काढायची. पुढं शाळेत गेल्यावर त्या रेघांचे एक झाले. सात एक शेजारी शेजारी. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही संख्या कशानं तोडता येते, हे तिच्या डोक्यात बसलं आणि निघालंच नाही. बाकीच्या मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या तेव्हा ही अंगणात खडूनं भागाकार करायची. आई वैतागून झाडू मारायची, की ही पुन्हा सुरू.

तिनं ते मला एकदा समजावलं होतं. मी गणित सोडलेली, त्यामुळे वेळ लागला, पण समजलं. म्हणून इथंही लिहिते, वाचणाऱ्यालाही समजेल.

समजा आमच्या लायनीत सहा घरं असती. मग दोन-दोन घरांच्या तीन जोड्या पडल्या असत्या. म्हणजे सहा एकांना अकरानं भाग गेला असता. किंवा तीन-तीनचे दोन गट, म्हणजे एकशे अकरानं भाग. घरांची मोजणी जिथं सारखी वाटली जाते, तिथं संख्याही तुटते. हे नुसतं बघूनच कळतं. पण सात? सात घरांचे सारखे गट पडतच नाहीत. म्हणून सात एकांकडं बघितलं की वाटतं, ही मूळ संख्या असणार. एक आणि ती स्वतः, याशिवाय तिला कुणी भागत नसणार.

"वाटतं," असं म्हणून धाकटी हसायची. "अक्का, वाटण्यानं काय होतंय?"

सरळ रस्त्यानं तपासायचं तर हजारच्या जरा पुढंपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला लागतं. त्या दीडशेच्या वर भरतात. हिनं आडवाट काढली. सात एकांना जी मूळ संख्या भागते, तिनं १ ला भागत गेलं की दशांशातले आकडे सात-सातच्या फेऱ्यानं परत येतात. आणि फेऱ्याची ही लांबी त्या संख्येतून एक वजा केलेल्या संख्येला नेमकी भागतेच. म्हणजे ती संख्या सातच्या पटीपेक्षा एकानं मोठी हवी. शिवाय विषम हवी. म्हणून चौदाच्या पटीत एक मिळवायचा, आणि त्यातल्या मूळ तेवढ्याच बघायच्या. एकोणतीस, त्रेचाळीस, एकाहत्तर, अशी वर चढत ती आठव्या संख्येवर पोचली. ती होती २३९. भाग गेला. बाकी शून्य. वर ४६४९.

दीडशेचं काम आठात. ती तेव्हा नववीत होती. अंगणात बसून तिनं १ ला २३९ नं भागून दाखवलं. शून्य शून्य ४१८४१, पुन्हा शून्य शून्य ४१८४१. "बघ," ती म्हणाली, "उलटं वाचलं तरी ४१८४१." मी बघितलं. मला त्याचं करायचं काय ते कळलं नाही. पण तिचा चेहरा आठवतो.

दहावी झाल्यावर तिला लातूरला आणून ठेवलं. मी होते तोच क्लास, इमारत नवी आणि आणखी दोन मजले उंच. डॉक्टरकीच्या परीक्षेला गणित लागत नाही. त्यामुळे लातुरात 'आमच्या पोरानं गणित सोडलं' हे तंबाखू सोडल्यासारखं सांगतात, छाती पुढं काढून. तेवढा वेळ जीवशास्त्राला मिळतो. धाकटीनं हट्ट धरला की गणितही ठेवणार. अण्णांनी तडजोड केली.

"वरच्या बॅचमधी हाईस तवर ठिव. खाली आलीस की सोड. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली.

बॅचचं असं की, दर दोन आठवड्यांनी परीक्षा आणि परीक्षेनंतर अदलाबदल. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी वरच्या बॅचला निळी, मधल्या बॅचला हिरवी, खालच्या बॅचला पिवळी. म्हणजे रस्त्यावरून चालणारी पोरगी कोणत्या मजल्यावरची आहे हे पाणीपुरीवाल्यालाही कळतं. मी यावर आधीच एक पत्रक काढलं होतं: 'गळ्यात पट्टी कुणाच्या असते?' ते लोकांना आवडलं होतं. पट्ट्या मात्र तशाच राहिल्या.

पावसाळ्याच्या शेवटाला तिचा फोन आला. होस्टेलवर साधे, बटणाचे फोन तेवढे चालतात.

"अक्का, माझी पट्टी हिरवी झाली."

"किती मार्कांनी?"

"तीन. आन् अक्का, मी चुकले न्हाई."

बॅचच्या परीक्षेत तर्कशक्तीचे दोन-चार प्रश्न सगळ्यांनाच असतात, त्यातला एक असा. खालीलपैकी मूळ संख्या कोणती? चार पर्याय. एकशे अकरा, अकराशे अकरा, सहा एकांची संख्या, सात एकांची संख्या. पहिल्याला तीननं भाग जातो. दुसऱ्याला अकरानं. तिसऱ्याला पुन्हा तीननं. पोरांनी तिन्ही उडवले आणि चौथ्या गोलात शाई भरली. चार मार्क. धाकटीपुढं मात्र तिच्या अंगणातला आकडा येऊन बसला होता. चौथाही मूळ नाही हे तिला ठाऊक होतं. चारांतलं एकही उत्तर बरोबर नाही, म्हणून तिनं गोल कोरा सोडला आणि शून्य घेतलं.

"भरून टाकायचं होतंस ना," मी म्हणाले.

"खोटं?"

मी पत्रकं लिहिते. विषय बदलून विचारलं, अण्णा कधी येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडहून लातूरची एस.टी. धरली. लोहा, अहमदपूर करत गाडी चालली होती आणि मी मनात मजकूर जुळवत होते. अण्णा रविवारी डबा घेऊन येणार होते. त्यांना पट्टी दिसणार होती. आणि मग कबूल केल्याप्रमाणे गणित सुटणार होतं. मला वाटलं, हे पुरे आहे. एवढ्यावर क्लास उघडा पाडता येतो. जो क्लास सात एक भागू शकत नाही, तो पोरांचं भविष्य काय घडवणार? ओळ चांगली होती. मी तिकिटाच्या मागं लिहून ठेवली.

क्लासात शंका विचारायला एक खिडकी असते. तिला डाऊट काउंटर म्हणतात. तिथं गणिताचे सर बसले होते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. धाकटीनं कागद पुढं सरकवला. सरांनी मोबाइलवर गुणाकार केला. मग पुन्हा केला.

"आयला," ते म्हणाले. "बरोबर आहे की!"

मी तयारीत होते. "मग उत्तरं सुधारून यादी परत लावा."

"ताई, तुम्ही कोण?"

"हिची बहीण. आणि त्या पट्टीच्या पत्रकाची लेखिका."

"अच्छा, तुम्हीच का!" सर हसले. "ते आमच्या स्टाफरूममधे चिकटवलंय. छान लिहिता." मग धाकटीकडं वळून म्हणाले, "तुला कसं कळलं? २३९ वर कशी गेलीस?"

तिनं चौदाच्या पटीचं सांगितलं. सर ऐकता ऐकता उठून उभे राहिले. मागं रांगेत पोरं होती, त्यांनाही थांबवलं. "मी नांदेडला एम.एस्सी. केली," ते म्हणाले. "हे मला शिकवलं होतं. दोन वर्षं झाली, मी हे तोंडातून काढलं नाही. इथं कोण विचारणार?"

"मग उत्तर बदला," मी म्हणाले.

सर बसले. "ताई, इथं आम्ही भागायला शिकवत नाही. उडवायला शिकवतो. पोराकडं दीड मिनिट असतं. तीन उडाले की चौथा उरतो. उरतो तो बरोबर. मोठ्या परीक्षेत शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हे खरं ठरतं, कारण पेपर काढणाऱ्यानं एक पर्याय बरोबर ठेवलेला असतो. इथं पेपर मी काढला. मीही उडवूनच काढला. तीन उडत होते, म्हणून चौथा ठेवला. भागून कुठं बघितलं!"

असं सरळ कबूल करणारा शत्रू पत्रकाला चालत नाही. मला राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना.

"अर्ज द्या," सर पुढं म्हणाले. "प्रश्न रद्द होईल. ज्यांनी चौथा भरला त्यांचे चार-चार मार्क जातील. हिची पट्टी निळी होईल. वरच्या बॅचमधे खुर्च्या ठरलेल्या आहेत, म्हणजे एकजण खाली येईल. कोण येईल तेही सांगतो. हिच्या खोलीतली पोरगी, भोकर गावची."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं नाही. कागदाची घडी घातली. "ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली आणि निघाली.

जिन्यात मी तिला गाठलं. "राहू द्या म्हणजे? तू बरोबर आहेस!"

"ती पण कुठं चुकली? तिला जसं शिकवलं तसंच तर केली ती." मग थांबून म्हणाली, "तिच्या घरी निळी पट्टी गेलीय फोटोत. तिची माय येईल त्याला तो दाखवायली."

मी खोलीवर बसून पत्रक लिहिलं. धाकटी आणि भोकरची, दोघी समोरच्या कॉटवर पाय हलवत शेंगा खात होत्या. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मथळा, मग सवाल, मग 'एका गुणी विद्यार्थिनीचा गणिती बळी'.

"मी मेले का?" धाकटीनं विचारलं.

"ही मेली तर हिचं गादीवरचं पांघरूण माझं," भोकरची म्हणाली. दोघी हसत सुटल्या.

"हसू नका. हे गंभीर आहे."

"अक्का, यात मी कुठंय?" धाकटी आता हसत नव्हती. "निस्तं क्लासचं हाय. गणित सुटायलंय माझं. क्लासला शिव्या घातल्यावर अण्णा म्हणतेत का, बरं, ठिव गणित?"

नाही म्हणणार. मला माहीत होतं. उलट म्हणतील, एवढा वाईट क्लास तर नीट एकाच गोष्टीवर ध्यान दे. मी कागद बाजूला ठेवला. ज्या माणसानं गणित सोडायला सांगितलं तो माझ्या मजकुरात कुठंच नव्हता. त्याला मी आधीच बाजूला काढलं होतं. पालक नको, असं शिकले होते ना.

रविवारी होस्टेलच्या रस्त्यावर जत्रा असते. गावोगावच्या जिपा येतात, डबे उघडतात, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पंगती बसतात. अण्णा धपाटे आणि दह्याचा डबा घेऊन आले. त्यांचा डावा पाय वाकत नाही. भूकंपात भिंतीखालून काढलं तेव्हा तो चेंदलेला होता. ते तेव्हा शाळकरी वयाचे. शेतात तंबू टाकून बसलेल्या कुण्या डॉक्टरनं तो पाय कापायचा सोडून जोडला. त्या डॉक्टरचं नावही अण्णांना माहीत नाही. घरात एक डॉक्टर करायचा, हे त्यांनी तिथंच, त्या तंबूत ठरवलं. हे आम्हा दोघींना पाढ्यासारखं पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा कधी राग करता आला नाही. त्यांचं म्हणणं समजतं. समजूनही मी त्यातून उठून गेले.

पाय लांब करून ते पायरीवर बसले. आधी पट्टीकडं बघितलं, मग धपाटं मोडलं.

"हिरवी?"

"हाव," धाकटी म्हणाली.

"मग आता गणित."

"अण्णा, एक सांगू का?"

"सांग की. पर ठरलंय ते ठरलंय." ते शांतपणे बोलत होते. "हे बघ माय, अक्का तर उडाली. तिचं ती बघायली, पत्रकं वाटून राहिली, मी काय म्हणत न्हाई. उरलीस तू. आता तुलाच करावं लागतंय."

धाकटीनं बोटानं पायरीच्या धुळीत सात रेघा ओढल्या.

"आपली लाईन," ती म्हणाली.

"हाव. तिसरं आपलं."

मग तिनं सगळं सांगितलं. सहा घरांच्या जोड्या, सात घरांचे न पडणारे गट. परीक्षेतले चार पर्याय. तीन कसे उडतात. चौथा का बरोबर वाटतो. अण्णा आठवीपर्यंत शिकलेले, पण लक्ष देऊन ऐकत होते. तिनं २३९ गुणिले ४६४९ धुळीतच करून दाखवलं. हातचे धरत, चुकलेलं पुसत. खाली सात एक उमटले.

"मंजे चारातलं एकबी बरोबर न्हाई?"

"न्हाई."

"मग हे बरोबर हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई अण्णा. बाकीचे उडाले, ते उरलं. उरलं म्हणून बरोबर."

अण्णांनी हातातलं धपाटं डब्यात परत ठेवलं. रस्त्यावर कुणाची तरी जीप मागं घेत होते, हॉर्न वाजत होता. ती निघून गेली. मग जे बोलले ते आम्ही घरात कधी ऐकलं नव्हतं.

"आमी समदी भावंडं एका खोलीत निजलेली," ते म्हणाले. "उरलो मी. मग जो यायचा तो डोक्यावर हात ठिवून म्हणायचा, देवानं तुला ठिवलंय, तू काईतरी करून दाखवशील. लई वर्सं म्हणले लोक. माझा थोरला भाऊ लई हुशार हुता गं. म्हातारे अजूनबी काडतेत त्याची आठवण. मी काय केलो? सोयाबीन केलो."

तिघंही हसलो. हसण्यासारखं नव्हतं, तरी.

"मी उरलो," अण्णा पुन्हा म्हणाले, आता जरा हळू. "बरोबर हुतो म्हणून न्हाई. भिंत तिकडं पडली."

त्यांनी धुळीतल्या सात रेघा एकदा बोटानं मोजल्या. मला बोलायचं होतं. माझ्याकडं या प्रसंगाला चपखल अशी निदान तीन वाक्यं होती. धाकटीनं माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला होता.

शेवटी ते भिंतीला धरून उठले. "चला. त्या सरांना भेटू."

खिडकीशी सर होतेच. मला बघून त्यांचा चेहरा पडला. पण अण्णांनी प्रश्नाचं काढलंच नाही. उत्तर बदला, यादी बदला, काही नाही. वाकून एवढंच विचारलं, "सर, ही हिरव्या पट्टीत गणित घिऊन बसली तर चालतंय का?"

"चालतं की. पण काका, दोन्ही ठेवून हिरव्यातून डॉक्टरकीला नंबर लागणं अवघड असतं. स्पष्ट सांगतो."

"हाव. मग न्हाई लागला तर?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग गणितात बी.एस्सी. करता येईल. नांदेडला. पुढंही शिकता येईल." आणि मग, कुणी न विचारता, म्हणाले, "काका, मी इथं रोज शेकडो पोरं बघतो. अशी एखादीच असते."

"ते ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "तशी नसती तरी इचारलोच असतो. तिला पायजे म्हणून." मग धाकटीकडं वळले. "बस. गणित घिऊन बस. डॉक्टरचं बघू काय हुतंय ते. न्हाई झालं तर न्हाई." शेवटचे चार शब्द त्यांना जड गेले. ते जिन्याकडं वळले. एक पाय सरळ ठेवून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत राहिले. मी हात द्यायला गेले तर म्हणाले, "तू फुडं हो. जीप जाईल."

पत्रक मी छापलं नाही. क्लासवर माझा राग गेलाय असं कुणी समजू नये. पट्ट्या अजून आहेत, मजले वाढतायत, आणि मी लिहिणार आहे. पण लिहायला बसले की हल्ली एक अडचण होते. सरकार नाही, पालक नाही, समाज नाही, म्हणून उरला तो दोषी, असं म्हणताना हात थांबतो. उरलेल्यालाही भागून बघितलंय का, हा प्रश्न येतो. आमच्या वरिष्ठाला हे सांगितलं. तो म्हणाला, "अशानं पत्रक चार पानी होईल." होईल तर होईल.

धाकटी हिरव्या पट्टीतच आहे. मधे एकदा पिवळी झाली होती, परत हिरवी झाली. भोकरची निळीत आहे आणि दोघी अजून एकाच खोलीत एकमेकींचं पांघरूण ओढतात. अण्णा फोनवर आधी डॉक्टरकीचं विचारतात, मग जरा थांबून म्हणतात, "आन् ते एकांचं?"

एकांचं पुढं सरकलंय. तेरा एकांना पहिल्याच फटक्यात भाग गेला, त्रेपन्ननं. तिला त्यात काही मजा आली नाही. आता ती सतरा एकांवर बसली आहे. हे कुठूनच हलत नाहीत म्हणते. चौतीसच्या पटीत एक मिळवून एकेक मूळ संख्या लावून बघते, रोज झोपण्याआधी दोन किंवा तीन, हातानं. १०३ नं भाग गेला नाही. १३७ नं गेला नाही. मधे तिचा ओळखीचा २३९ पुन्हा आला, त्यानंही नाही. कदाचित सतरा एकांना कुणीच भागत नसेल. कदाचित असेल कुणी, फार लांब.

तिच्याकडं साधा फोन आहे. माझ्याकडं स्मार्टफोन. एस.टी.त बसल्या बसल्या मी ते शोधलं आणि मला उत्तर सापडलं. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "अक्का, तुला काय वाटतंय, तुटत असतील का?"

पत्रकवाल्या माणसाला माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

"वाटण्यानं काय होतंय?" मी म्हणाले.

उत्तर इथंही लिहीत नाही. ती हे वाचणार आहे.